अर्धं पाल

शिपायाला तेव्हा अख्खं पाल मिळत नसे.
अर्धंच मिळे. एक चौकोनी कापड,
कडेनं बटणं, कडेनं काजं,
उरलेलं अर्धं दुसऱ्या कुणाच्या पाठीवर.
रात्री दोघांनी एकमेकांना शोधायचं,
कापडाला कापड जोडायचं
आणि एकमेकांच्या घोरण्यासकट झोपायचं.

माझं अर्धं मी स्वतः शिवलं,
झेन्सव्हिलला, तळघरात, एका हिवाळ्यात,
दिवसा शाळेची बस चालवून.
हाडाची बटणं, मेणावरून ओढलेला दोरा,
एकेका काजाला एकेक संध्याकाळ.
ऑर्वल म्हणायचा, "मर्ल,
एवढ्या वेळात खरं युद्ध संपलं असतं."
त्याचं अर्धं माझ्याच ताग्यातलं.
व्हर्नाच्या जेवणाच्या टेबलावर कापलं आम्ही दोन्ही.
टेबलाला कात्रीचा चरा अजून आहे.

एकोणीस ऑक्टोबर
नदीकाठच्या कापलेल्या मक्यात
आम्ही ती दोन अर्धी जोडली.
लढाई खोटी, थंडी खरी.
ऑर्वल दर वेळी पहिल्याच फैरीत मरायचा,
नीट सावली बघून पडायचा,
टोपी तोंडावर ओढून तासभर झोपायचा.
फेब्रुवारीत औषधाच्या दुकानात
रांगेत उभा असताना पडला.
तिथं सावली बघायला वेळ नव्हता.

त्याचं अर्धं व्हर्नानं दिलं नाही.
मी मागितलंही नाही.

या वर्षी कॅप्टननं माझ्या पुढ्यात
एक पोरगा आणून उभा केला. ब्रॅनन.
ऑर्वलनं नि मी जितकी वर्षं एका पालाखाली काढली
तितकं त्याचं वय.
त्याचं अर्धं आईनं शिवलेलं, घरच्या मशीनवर,
काजंसुद्धा मशीनचीच.
आमच्यात टाके मोजणारे लोक असतात,
त्यांनी नाकं मुरडली.
मी नुसता बटणं लावायला बसलो.
पहिलं बसलं.
दुसरं ओढून बसवलं.
तिसऱ्याला काज सापडेना.
दोन बोटं खाली होतं ते,
पुढची सगळीच मग खाली खाली घसरत गेलेली.

"तुमची बटणं उसवू का?" पोरानं चाकू काढला.
मी म्हटलं, "ठेव तो आत."

जी जुळली ती लावली. बाकीची आ वासून राहिली.
आढं तिरकं, एक बाजू बसक्या गायीसारखी.
संगिनीच्या खोबणीत मेणबत्ती खोचून
तो आईच्या टाक्यांकडे बघत राहिला.

मध्यरात्री पाऊस आला.
"आतून कापडाला बोट लावू नकोस," मी म्हटलं,
"लावशील तिथनं गळेल."
पहिल्या रात्री हेच ऑर्वलनं मला सांगितलं होतं
आणि मी लगेच बोट लावलं होतं.
अंधारात जरा वेळ शांतता.
मग टप्.
मग पोराचं दबलेलं हसू.

फटीतनं पाणी आलंच.
थोडं त्याच्या गुडघ्यावर, थोडं माझ्या खांद्यावर.
मी जागाच होतो.
तेव्हाच्या त्या पोरांचं काय होत असेल?
सकाळी ज्याच्याबरोबर पाल सोडलं
तो संध्याकाळी परत आला नाही, तर
आपली बटणं घेऊन चिखलात फिरायचं,
ज्याची काजं रिकामी दिसतील त्याच्याशेजारी बसायचं,
जुळतात का न बघता.
याचं माप कुणी लिहून ठेवलेलं नाही.

सकाळी त्यानं विझल्या काटकीच्या कोळशानं
आपल्या कापडावर खुणा केल्या,
माझी बटणं जिथं जिथं पडतात तिथं तिथं.
"आई पुढच्या वर्षी नवी काजं करेल."
मी म्हटलं, "ओलं घडी करून ठेवू नकोस,
बुरशी धरते."
गाडीकडे जाताना तो फोन शोधत होता,
तो बुटात निघाला.

सोमवारी माझं अर्धं
बसच्या मागच्या सीटांवर पसरून वाळत होतं.
तिसरीतल्या एका मुलीनं विचारलं,
एवढ्याशा कापडाला इतकी बटणं कशाला?
मी म्हटलं, बस.
आणि बस सुरू केली.